नॉर्मल म्हणजे माझं रक्त

३ मार्च, रविवार

ही वही लिहायला घेण्याचं कारण एकच आहे, ते आधी नोंदवते. आज, आठवडा सुरू होताच, विभागप्रमुख वगीहने मला त्याच्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं की दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी थायरॉइडचं तेच लेक्चर लागोपाठ दोन आठवडे दिलं. विनोदासकट. मी विचारलं, मुलांनी तक्रार केली का? तो म्हणाला, "नाही उस्ताझा, तुमची तक्रार करायची कोणाची हिंमत आहे? उलट दुसऱ्या वेळी जास्त हसली म्हणे."

हा वगीह माझाच विद्यार्थी, अजून मला उस्ताझा म्हणजे प्राध्यापकबाई म्हणतो. बेडकाच्या पायातली नस सापडेना म्हणून याच इमारतीत रडला होता. तो आता मला सांगतो, रोजचं रोज लिहून ठेवत जा. ठीक आहे, ठेवते. मला काही विसर पडत नाही याचा पुरावा राहील.

लेक्चर मी मुद्दाम पुन्हा दिलं. पहिल्या वेळी त्यांना कळलं नव्हतं.

निश्चय: पहाटे उठणे. समुद्राकाठी फिरायला जाणे. लिफ्ट न वापरणे. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी रिहाम, तिचा प्रबंध पंधरा तारखेपर्यंत वाचून संपवणे.

४ मार्च, सोमवार

आठ वाजता उठले. वारा बोचरा होता. फिरणं उद्यापासून.

५ मार्च, मंगळवार

जिन्याने गेले. सुट्टीत पायऱ्यांना नवीन फरशी बसवलेली दिसते. प्रत्येक पायरी उंच झाली आहे. दुसऱ्या मजल्यावर थांबून नोटीस बोर्ड वाचला. सगळा वाचला. त्यात परीक्षेचं गेल्या वर्षीचं वेळापत्रक अजून लावलेलं आहे. कोणाचं लक्ष नाही.

लॅबमध्ये रिहामने खिडक्या सताड उघड्या टाकलेल्या. मी शाल गुंडाळून घेतली आणि खिडक्या लावायला सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरबाई, माझा कोट पाठीला चिकटलाय, थोडी फट तरी ठेवू?" मी म्हटलं, समुद्राची हवा फ्रीझरला चालत नाही. लावल्या.

६ मार्च, बुधवार

वगीह म्हणतो लिहा, म्हणून रिहामचं कामही लिहून ठेवते. पांढऱ्या उंदरांचे तीन गट. पहिल्याची थायरॉइड काढलेली. दुसरा जसाच्या तसा. तिसऱ्याला थायरॉइडचं हॉर्मोन टोचलेलं. मग पिंढरीतला लाल स्नायू आणि पांढरा स्नायू वेगवेगळे काढायचे आणि त्यांत ताणाचं प्रथिन किती आहे ते मोजायचं. उष्णता, धावपळ, कसलाही जाच झाला की पेशी हे प्रथिन बनवते आणि स्वतःला सावरते. लाल स्नायू सावकाश चालतो आणि थकत नाही; त्यात ते आधीपासूनच भरलेलं असतं. पांढरा झटक्यात उडी मारतो आणि झटक्यात दमतो. त्यात ते जवळजवळ नसतं. हॉर्मोन कमीजास्त झालं की स्नायूंचा स्वभाव बदलतो. मग प्रथिनही बदलतं का, एवढाच प्रश्न. विषय मी दिला.

माणसांचेही हेच दोन प्रकार आहेत, असं माझं निरीक्षण आहे. वगीह पांढरा. बोलता बोलता उठतो, उठता उठता फोन घेतो. धाकटी बहीण बहिगा पांढरी. तिचा नवरा गेल्यापासून आम्ही दोघी एका घरात राहतो आणि त्या घरात ती दिवसभर उड्या मारते. मी लाल. वय वाढेल तसा माझ्यातला लाल भाग वाढतो आहे. अलीकडे मला घाई नावालाही होत नाही.

प्रबंध वाचायला घेतला. अकराव्या पानावर डोळा लागला. भाषा जड आहे.

१० मार्च, रविवार

हॉर्मोन मोजायचं नवीन किट आलं. दोन वर्षं बंदरात, कस्टममध्ये, कुठेकुठे अडकून शेवटी पोचलं.

आमच्या विभागाची एक रीत आहे. नवीन किटचा डबा उघडला की त्यावर सगळ्यांत आधी माझं रक्त तपासायचं. १९८८ साली मी ही रीत घातली. तेव्हा बाहेरून आलेल्या किटवर कोणाचा विश्वास नव्हता आणि नॉर्मल माणसाचं रक्त हवं होतं. विभागातले बाकीचे लोक एकतर सिगारेट ओढत होते, नाहीतर प्रेमात होते. माझं आलं आठ. पुढच्या किटवर आठ. त्याच्या पुढच्यावर सात पूर्णांक नऊ. तेव्हापासून आजवर आठ. इथे शिकलेल्या पोरांना विचारा, नॉर्मल म्हणजे किती? ती म्हणतील, इन्शिराहबाईंइतकं.

रिहामने रक्त काढलं. शीर सापडायला वेळ लागला. म्हणाली, "हात किती गार आहेत तुमचे, आणि जरा सुजल्यासारखे वाटतात." मी म्हटलं, सुई धरताना गप्पा मारू नयेत.

१२ मार्च, मंगळवार

माझं दोन आलं.

किट नासकं आहे.

रिहाम म्हणाली, "डॉक्टरबाई, डब्यासोबत कंपनीने दिलेले नमुने तर बरोबर आलेत." कंपनीचं किट कंपनीच्याच नमुन्यांना बरोबर म्हणणार! चोराची साक्ष चोरानेच काढायची. विक्रेत्याला कडक पत्र लिहिलं. आवाजाचा परिणाम व्हावा म्हणून फोनही केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "हुकूम करा पाशा, साहेबांचं नाव काय?" मी नाव सांगितलं. तो पुन्हा म्हणाला, बरं साहेब. लाइन खराब होती.

१६ मार्च, शनिवार

प्रबंध वाचून झाला नाही. पंधरा तारीख ही माझीच मर्यादा होती, तेव्हा ती वाढवायचा हक्कही माझा. एकतीस मार्च.

फिरणं रमझाननंतर. उपास चालू असताना नवीन सवय लावू नये, आणि रमझानला आता दोन महिनेही नाहीत.

२१ मार्च, गुरुवार

मातृदिन. बहिगाचा मुलगा कुवेतहून फोनवर आईशी बोलला, मग "अब्ला मावशीला दे" म्हणाला. (अब्ला म्हणजे ताई; बहिगा मला तेच म्हणते.) मी बोलले. तो म्हणाला, "कोण बोलतंय? मावशी, सर्दी झाली का?" सर्दी नाही. मी नेहमी अशीच बोलते.

आईची अंगठी काढून स्वच्छ करावी म्हटलं तर बोटातून निघेना. बहिगाने साबण लावला, तेल लावलं, मग हात कमरेवर ठेवून म्हणाली, "अगं अब्ला, बोट बघ, पावासारखं फुगलंय." मी सांगितलं, थंडीने सोनं आखडतं. ती म्हणाली, "थंडी? खाली दुकानदार बनियनवर बसलाय आणि तू घरात दोन स्वेटर घालून. तुझ्याकडे बघून मला घाम फुटतो."

आरसाही बदलायला हवा. चेहरा रुंद दाखवतो.

२४ मार्च, रविवार

विक्रेत्याने दुसरा डबा पाठवला. माझं पुन्हा दोन.

म्हणजे डब्याचा दोष नाही. प्रवासात सगळी खेपच उन्हात पडली असणार आणि सगळे आकडे सारखेच घसरले असणार. हे कळल्यावर मन शांत झालं, कारण सारखी चूक दुरुस्त करता येते. माझं रक्त खरं आठ, किट दाखवतं दोन, तेव्हा किट जे काही दाखवेल त्याला चारने गुणायचं. रिहामचे सगळे उंदीर मी स्वतः गुणले. दुपार गेली. दोनदा डोळा लागला, पण आकडे बरोबर आहेत.

निष्कर्ष गंभीर आहे. थायरॉइड काढलेले उंदीर नॉर्मल निघाले. जसेच्या तसे ठेवलेले निघाले हॉर्मोनने भरलेले. आणि हॉर्मोन टोचलेले तर या हिशेबाने छताला चिकटायला हवे होते. रिहामने शस्त्रक्रिया नीट केलेली नाही.

२५ मार्च, सोमवार

रिहामला सांगितलं. ती उभी होती, ती स्टुलावर बसली. म्हणाली, "डॉक्टरबाई, ग्रंथी मी माझ्या हाताने काढल्यात. बाटलीत ठेवल्यात. दाखवू?" मी म्हटलं, बाटलीत काय आहे ते बाटलीला माहीत, मी आकडे बघते. उंदीर नवे घे, शस्त्रक्रिया पुन्हा कर, स्नायू पुन्हा काढ.

"वर्ष जाईल," ती म्हणाली. "माझी नोंदणी मे महिन्यात संपते. विद्याशाखेची परिषद रमझानच्या आधी, पाच मेला बसणार. तुमची सही नसेल तर मला शिकवण्यावरून काढून रजिस्ट्रारच्या ऑफिसात टाकतील, दाखल्यांवर शिक्के मारायला. पाच वर्षं झाली डॉक्टरबाई."

मी म्हटलं, विज्ञानाला रमझान कळत नाही.

ती रडली नाही. रडली असती तर मला काय बोलायचं ते ठाऊक होतं.

२७ मार्च, बुधवार

उंदरांच्या खोलीत जाऊन पहिल्या गटातले उरलेले उंदीर स्वतः पाहिले. इमारतीत उबदार खोली तेवढी एकच. बाकीचे पिंजरे नुसता गोंधळ, धावाधाव, चावाचावी. पहिल्या गटातले मात्र केस फुलवून कोपऱ्यात एकमेकांना टेकून बसलेले. बोट घातलं तरी चावत नाहीत, आधी विचार करतात. इतके शहाणे प्राणी आजारी कसे असतील? त्यांच्याजवळ खुर्ची घेऊन थोडा वेळ बसले.

थोडा नव्हे. कुलूप लावायला आलेल्या माणसाने उठवलं.

१ एप्रिल, सोमवार

दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक. टाचेच्या कंडरेवर हातोडी मारली की पाऊल झटक्यात खाली जातं आणि झटक्यात परत येतं, हे मी दरवर्षी स्वतःच्या पायावर दाखवते. मुलांचे पाय भरवशाचे नसतात. खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिले, बूट काढला (बुटाचं चामडं आखडलं आहे, काढायला वेळ लागला), एका मुलीला मारायला सांगितलं. पाऊल गेलं खाली. मग वर आलं, पण दवाखान्याचं दार हळूहळू आपोआप लागतं ना, तसं. मागून कोणीतरी हसलं. मी म्हटलं, पुन्हा मार. पुन्हा तसंच. एक मुलगा म्हणाला, "डॉक्टरबाई, पुस्तकात लिहिलंय की परत यायला असा उशीर झाला तर..." मी म्हटलं, पुस्तक मी वाचलेलं आहे. खाली बस.

हातोडीचं रबर जुनं झालं आहे. नवी मागवणे.

प्रबंधाची मुदत तीस एप्रिल.

७ एप्रिल, रविवार

वगीह खोलीत आला. बराच वेळ हवेबद्दल बोलला. खमासीनचं वारं यंदा लवकर सुटलं, सगळीकडे वाळू. मग म्हणाला, "उस्ताझा, एक विचारू, रागावणार नाही ना?" असं विचारणारा नेहमी रागावण्यासारखंच बोलतो. "किट बरोबर असेल आणि रक्त बदललं असेल तर?"

मी त्याला फळ्यासमोर उभं केलं असतं, पण फळा काढून तिथे पडदा बसवला आहे. मी सांगितलं, रक्त हे प्रमाण आहे. प्रमाणावर शंका घेतली तर मोजायचं कशाने? पट्टी चुकली म्हणणाऱ्याने दुसरी पट्टी आणून दाखवावी.

तो लगेच म्हणाला, "आणतो. विभागातल्या सगळ्यांचं रक्त घेऊ, तुमच्यासोबत लावू. तिसऱ्या कंपनीचं किट माझ्या मेव्हण्याच्या लॅबमध्ये आहे, ते मागवतो."

मी कबूल केलं. न्याय झाला पाहिजे, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर झाला पाहिजे.

१५ एप्रिल, सोमवार

सगळ्यांनी रक्त दिलं. वगीह पांढराफटक पडला, त्याला लिंबूपाणी द्यावं लागलं. विभागप्रमुख आहे! लेबलं मी स्वतः लिहिली. माझ्या नळीवर नेहमीप्रमाणे "नॉर्मल". बाकीच्यांवर नावं.

१७ एप्रिल, बुधवार

तिसऱ्या किटवर माझं दोनपेक्षाही थोडं कमी. बाकीच्यांचे सगळ्यांचे सात, आठ, नऊ असे.

आधी वाईट वाटलं. मग चहा घेतला आणि शांतपणे गुणाकार केला. वगीह चौतीस. रिहाम तीस. दोन्ही प्रयोगशाळा सहायक एकतीस-बत्तीस. आता सगळा उलगडा झाला. अख्खा विभाग हॉर्मोनने उतू चालला आहे! म्हणूनच यांना घाम फुटतो. म्हणूनच खिडक्या उघड्या. म्हणूनच जिन्यावरून धावतात, भरभर बोलतात, माझं बोलणं संपायच्या आत उठतात. वर्षभर मला वाटत होतं, माणसं बिघडली. बिघडली नाहीत, आजारी आहेत.

वगीहला पत्र लिहिलं. चांगल्या डॉक्टरला दाखव, नाडी मोजून घे, कॉफी सोड. तुझ्या हाताखालच्यांनाही ने. हे पाण्यातून पसरतं का याची चौकशी व्हावी. त्याच्यावर माझा जीव आहे, म्हणून आई लिहील तसं लिहिलं.

१८ एप्रिल, गुरुवार

वगीह पत्र हातात घेऊन आला. वाटलं, आभार मानेल. खुर्चीत बसला, मनगट माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, "मोजा." मोजली. नॉर्मल होती. मग म्हणाला, "आता तुमची मी मोजतो." मी हात शालीत घेतला. मला वर्ग होता.

वर्ग नव्हता, तो काल होता. पण घ्यायची तयारी होती.

२२ एप्रिल, सोमवार

रिहाम एक्स-रे काढतात तसली फिल्म घेऊन आली. उंदरांच्या स्नायूंतल्या प्रथिनाचे पट्टे, काळे, स्वच्छ, एका रेषेत. इतकं नेटकं काम या लॅबमध्ये बऱ्याच वर्षांत झालेलं नाही, हे मी तिला सांगितलं नाही. ती म्हणाली, "आकडे गुणू नका. फक्त पट्टे बघा. तिन्ही गट तीन तऱ्हेचे आहेत की नाही? शस्त्रक्रिया फसली असती तर पहिला आणि दुसरा सारखेच दिसले नसते?"

मी चष्मा पुसला. वेगळे दिसत होते.

मी म्हटलं, फिल्म जास्त वेळ धुतली गेली असेल.

तेव्हा ती बोलली. आवाज चढवला नाही. "डॉक्टरबाई, तुम्हीच मला शिकवलंत, एक नमुना बाकी सगळ्यांपासून फटकून राहिला तर आधी तो नमुना बघायचा. सगळं जग नाही. हे तुमचंच वाक्य. मी भिंतीवर लिहून लावलंय, तिकडे, फ्रीझरच्या वर."

लावलं आहे खरं. माझं नाव घालून लावलं आहे. काढून टाकायला सांगणार होते, पण फ्रीझरपर्यंत चालत जायचा कंटाळा आला.

२९ एप्रिल, सोमवार

वसंताचा सण. बहिगाने सगळ्यांना बागेत नेलं. खारवलेला मासा, कांद्याची पात, रंगवलेली अंडी, आणि बहिगाच्या सासरचं अर्धं गाव. पोरं उघड्या पायांनी गवतात लोळत होती. मी झाडाखाली, लोकरीचा कोट घालून. शेजारच्या चादरीवरच्या कुटुंबातल्या एका आजीने मला स्वतःची चादर आणून दिली आणि बहिगाला हळूच विचारलं, "तुमच्या आईचं वय काय?" बहिगा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे. ती मेलीच हसून. "आई नाही हो, मोठी बहीण! प्रोफेसर आहे."

मुदत उद्या संपते म्हणून प्रबंध बरोबर नेला होता. डोळा लागू नये म्हणून बहिगाला मोठ्याने वाचून दाखवायला लागले. तिला त्यातलं काही कळणार नाही, पण रिहामची भाषा किती जड आहे ते तरी कळेल. अकरावं पान ओलांडलं. बारावं उघडलं. पहिल्या गटाची अवस्था. "थंडी सहन होत नाही. एका जागी बसून राहण्याकडे कल. केस राठ, विरळ. अंगावर सूज. खाणं कमी. स्पर्श केल्यास प्रतिसाद देतो, पण सावकाश. दिवसाचा मोठा भाग झोपेत..."

बहिगाने हातातलं अंडं खाली ठेवलं. तोंड लाल झालं तिचं. "निर्लज्ज कार्टी!" म्हणाली. "शिकवणाऱ्या बाईबद्दल असं पुस्तकात लिहायचं? तू तिला मुलीसारखं वाढवलंस, आणि ती तुझी दुखणी चव्हाट्यावर मांडते? दे इकडे, मी जाते तिच्या घरी. तिच्या आईलाच विचारते!"

मी म्हटलं, अगं, हे उंदरांबद्दल आहे.

"काय?"

उंदरांबद्दल. थायरॉइड काढलेल्या.

ती माझ्याकडे बघत राहिली, वरपासून खालपर्यंत, जणू दुकानात कापड बघते आहे. मग खाली ठेवलेलं अंडं उचललं, सोललं, मीठ लावलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, "खा अब्ला." नुसतं एवढंच.

खाल्लं. घशातून उतरायला वेळ लागला. अंडं कोरडं होतं.

३० एप्रिल, मंगळवार

प्रबंध वाचून संपवला. एका बैठकीत नाही. चार डुलक्या लागल्या. भाषा जड नाही.

शेवटच्या भागात एक आलेख आहे. न गुणलेल्या आकड्यांचा. तीन गटांचे ठिपके तीन ठिकाणी, एकमेकांना न शिवता. पेन्सिल घेतली आणि माझा आकडा कुठे बसतो ते बघावं म्हणून एक ठिपका काढला. नुसतं कुतूहल म्हणून.

पहिल्या गटाच्या मधोमध बसला. दोन्ही बाजूंनी शेजारी होते.

खोडून टाकला. खोडलेलं दिसतं.

१ मे, बुधवार

सुट्टी. बहिगाने खिडक्या आपणहून लावल्या. मला ते आवडलं नाही. तिने ओरडायला हवं होतं.

विचार केला. माझं रक्त आठ होतं तेव्हा ते आठच होतं, यात कोणाला शंका नसावी. प्रमाण प्रमाणच होतं. फक्त ते कुठल्या तारखेपर्यंत प्रमाण होतं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. दोन वर्षं किट आलंच नाही. यात चूक असलीच तर कस्टमची.

२ मे, गुरुवार

वगीहच्या खोलीत गेले. लिफ्टने. त्याला सांगितलं, सही करते, पण अट आहे: गुणाकाराचा उल्लेख कुठेही होता कामा नये. तो म्हणाला, "कसला गुणाकार?" तीस वर्षांत पहिल्यांदा या मुलाला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मग त्याने विचारलं, "आणि दवाखाना?" मी म्हटलं, बघू, रमझाननंतर. तो म्हणाला, "विज्ञानाला रमझान कळत नाही, उस्ताझा." रिहामने सांगितलेलं दिसतं. पांढऱ्या स्नायूची माणसं, पोटात काही ठेवत नाहीत.

५ मे, रविवार

उद्या रमझान. परिषद अकरा वाजता होती. आज जे सोपवलं त्याची नोंद:

रिहामला: प्रबंधाच्या प्रती, सगळ्यांवर सही केलेली. माझी सही पूर्वी इतकी मोठी नव्हती आणि शेवटाकडे खाली घसरते, पण ओळखता येते. पहिल्या प्रतीतल्या आलेखावर पेन्सिलीची खूण राहिली आहे. तिने पाहिली. मी म्हटलं, छपाईचा डाग. ती म्हणाली, "हो डॉक्टरबाई."

वगीहला: फ्रीझरची चावी, उंदरांच्या खोलीची चावी. पुढच्या किटपासून नॉर्मल म्हणून त्याचं रक्त लावायचं असं ठरलं. लिंबूपाण्याची सोय करावी लागेल.

विभागाला: हातोडी. रबर ठीक आहे.

वर्गाला: थायरॉइडचं लेक्चर रिहाम घेईल. विनोद तिला सांगितला. तिने आधी ऐकलेला होता, तरी हसली.

दवाखान्याला: एक नळी रक्त. रिहामनेच काढलं, या वेळी शीर पहिल्याच प्रयत्नात सापडली, कारण बहिगाने आधीपासून माझा हात दोन्ही हातांत धरून गरम केला होता. ती दारात उभी राहून रिहामला म्हणत होती, "पोरी, तुझ्यावर मी फार रागावले होते, तुला माहीत नाही." रिहामने विचारलं, का? बहिगा म्हणाली, "जाऊ दे. तू लिहितेस छान."

नळी माझ्या हातात होती. पेनही होतं. सवयीने लेबलावर "नॉर्मल" लिहिलं आणि पुढे केली.

रिहामने ती घेतली. लेबल नखाने हळूच सोलून काढलं, दुसरं चिकटवलं आणि त्यावर माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, रुग्णाचं लिहितात तसं.